सर्वांसाठी एक चांगली खुर्ची: उत्तर युरोपातल्या लाकडी आसनांचा इतिहास

तत्त्वज्ञानाच्या वर्गात टेबल-खुर्चीइतकं वापरून वापरून झिजलेलं उदाहरण दुसरं नसेल. प्लेटोनं 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात पलंग घेतला. एक पलंगाचं मूळ रूप, दुसरा सुतारानं केलेला पलंग, तिसरा चित्रकारानं रंगवलेला. सुताराचा नंबर दुसरा. तेव्हापासून आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारी मंडळी समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवून 'ही खरंच आहे का?' असं विचारत आलो. ती कोणी केली, कशी केली, कितीला पडली आणि मोडल्यावर तिचं काय होतं, हे प्रश्न मात्र आम्ही सुतारावर सोडून दिले. आज हेच प्रश्न घेऊ या.

त्यासाठी आपण डेन्मार्क, स्वीडन आणि फिनलंड या देशांत जाणार आहोत. काटेकोर भूगोलात फिनलंड स्कँडिनेव्हियात मोडत नाही, पण फर्निचरच्या इतिहासात त्याला वगळता येत नाही.

आधी शब्द बघू. आपली 'खुर्ची' ही अरबी 'कुर्सी'. ती फारसीतून आपल्याकडे आली आणि येताना अधिकार घेऊन आली. 'खुर्चीला चिकटून बसणं', 'खुर्ची जाणं' हे आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. पाट आणि चौरंग आपले घरचे, खुर्ची दरबाराची. युरोपातही फार वेगळं नव्हतं. उंच पाठीची, हातांची खुर्ची घरधन्याची, सरदाराची; बाकीच्यांना बाक किंवा स्टूल. तेव्हा प्रत्येक घरात चांगली खुर्ची असावी, असं कोणी म्हणालं की ती नुसती सजावटीची गोष्ट राहत नाही, ती समतेची मागणी होते.

ही मागणी स्वीडनमध्ये स्पष्ट शब्दांत आली. 1899 साली एलेन केय या लेखिकेनं 'सर्वांसाठी सौंदर्य' या नावाचं पुस्तक प्रसिद्ध केलं. 1919 साली ग्रेगोर पाउल्सन यांच्या पुस्तकाचं नाव होतं 'रोजच्या अधिक सुंदर वस्तू'. कल्पना अशी की कामगाराच्या घरातला चमचा, कप आणि खुर्ची नीट असणं हाही सुधारणेचा भाग आहे. या मागणीत तीन अटी दडलेल्या आहेत. खुर्ची चांगली हवी, परवडणारी हवी आणि टिकाऊ हवी, म्हणजे मोडली तर दुरुस्त होणारी. पुढचा सगळा इतिहास या तीन अटींच्या ओढाताणीचा आहे.

आता फिनलंड. अल्वार आल्टो या वास्तुशिल्पीला 1929 च्या स्पर्धेतून पाइमिओ इथल्या क्षयरोग्यांच्या रुग्णालयाचं काम मिळालं. ते 1933 मध्ये पुरं झालं. त्या काळी जर्मनीतल्या बाउहाउसची पोलादी नळ्यांची खुर्ची हे आधुनिकतेचं चिन्ह होतं. आल्टोंची हरकत साधी होती: तासन् तास बसून राहणाऱ्या आजारी माणसाच्या अंगाला पोलाद गार लागतं. मग लाकडाला पोलादासारखं वाकवता येईल का? अल्वार, त्यांच्या पत्नी आणि तितक्याच तोलाच्या वास्तुशिल्पी आयनो, आणि तुर्कूचे फर्निचर-कारखानदार ओट्टो कोर्होनेन हे या प्रश्नाच्या मागे लागले. पाइमिओची जी खुर्ची झाली तिची बैठक आणि पाठ म्हणजे वाकवलेल्या प्लायवूडचा एकच तक्ता. तो बर्चच्या दोन बंद वळशांच्या मध्ये टांगल्यासारखा बसवलेला आहे. पाठीचा कल असा ठेवला की रुग्णाला श्वास घेणं सोपं जावं.

बर्च म्हणजे कोण? आपलं भूर्जपत्र ज्याच्या सालीचं, त्या झाडाचा हा उत्तरेकडचा भाऊबंद. इंग्रजी 'बर्च', स्वीडिश 'ब्यर्क' आणि संस्कृत 'भूर्ज' हे शब्दही एकाच मुळाचे. फिनलंडमध्ये हे झाड भरपूर. म्हणजे आल्टोंनी दारचं लाकूड घेतलं.

1933 मध्येच त्यांचं 'स्टूल 60' आलं. एक गोल बैठक, तीन पाय. खरी करामत पायात आहे. पाय भरीव लाकडाचा. त्याच्या एका टोकाला, लाकडाच्या धाग्याच्या दिशेनं, करवतीनं समांतर चिरा पाडायच्या. त्या चिरांत सरस लावलेले पातळ पापुद्रे सारायचे आणि ते टोक काटकोनात वाकवून सुकू द्यायचं. वाकलेला भाग बैठकीला खालून स्क्रूनं बसतो. खाच-कुसूचा अवघड सांधा नाही, म्हणून कुशल सुताराचे तास वाचतात. तीन पाय असल्यामुळे जमीन उंचसखल असली तरी स्टूल डगमगत नाही, आणि एकावर एक रचलं की पायांचा गोल जिन्यासारखा मनोरा होतो. विईपुरीच्या वाचनालयात, म्हणजे आज रशियात असलेल्या विबोर्गमध्ये, ही स्टुलं ठेवली गेली. विक्रीसाठी 1935 मध्ये हेलसिंकीला 'आर्टेक' ही संस्था निघाली, ती अजून चालू आहे.

डेन्मार्कचा रस्ता वेगळा. तिथे कारखान्यापेक्षा सुतारशाळा मोठी होती. 1924 पासून कोपनहेगनच्या राजकीय कला अकादमीत कोर क्लिंट फर्निचर शिकवू लागले. नवं काही करायचं तर आधी जुनं मोजा, ही त्यांची शिस्त. विद्यार्थी इंग्रजी खुर्च्या मोजत, अमेरिकेतल्या शेकर पंथीयांची साधी खुर्ची मोजत. माणसाचं शरीर मोजत. एवढंच काय, कपाट किती खोल हवं हे ठरवण्यासाठी शर्टाची घडी आणि ताटल्या मोजत. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना यात ॲरिस्टॉटल दिसतो: वस्तू कशासाठी आहे हे आधी ठरवा, रूप त्यामागून येईल.

याच वेळी कोपनहेगनच्या सुतारांच्या संघाला कारखान्याच्या मालाची धास्ती होती. 1927 पासून त्यांनी दरवर्षी प्रदर्शन भरवायला सुरुवात केली आणि ते 1966 पर्यंत चाललं. हळूहळू तिथे तरुण वास्तुशिल्पी आणि जुने कारागीर यांच्या जोड्या जमल्या. फिन यूल आणि नील्स वोडर ही एक जोडी. हान्स वेगनर आणि योहानेस हान्सेन ही दुसरी.

वेगनर चांभाराचा मुलगा, 1914 चा जन्म. पोरवयातच सुताराच्या हाताखाली उमेदवारी केलेली. 1949 च्या प्रदर्शनात त्यांनी एक गोल पाठीची खुर्ची मांडली. पाठ आणि हात मिळून एकच वळण, पण ते लाकडाचे तुकडे जोडून केलेलं. सुरुवातीला हे सांधे वेताच्या गुंडाळीखाली झाकलेले होते. पुढे वेगनरनी करवतीच्या दातांसारखा नागमोडी सांधा केला आणि वेत काढून टाकला. सांधा उघडा, सगळ्यांना दिसणारा. हीच खुर्ची 26 सप्टेंबर 1960 रोजी केनेडी आणि निक्सन यांच्या दूरचित्रवाणीवरच्या पहिल्या वादात अमेरिकेनं पाहिली. चांभाराच्या पोराची खुर्ची पुन्हा सत्तेच्या जवळ जाऊन बसली, असं म्हणायला हरकत नाही. अर्थात इतकं हातकाम असलेली खुर्ची सामान्य घरात जाणं कठीणच. चांगली ही अट पाळली गेली, टिकाऊ हीही. परवडणारी ही मात्र सुटली.

ती अट धरून ठेवली बॉर्ग मोगेन्सन यांनी. हे क्लिंट यांचे विद्यार्थी. 1942 पासून ते एफडीबी या ग्राहक-सहकारी संस्थेच्या फर्निचर विभागाचे प्रमुख होते. सहकार हा शब्द आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. साखर कारखाना आणि दूध संघ आपल्या बोलण्यातले आहेत. डेन्मार्कची पहिली सहकारी दूध डेअरी 1882 ची. त्याच परंपरेतल्या सहकारानं खुर्चीचा विचार केला. 1947 मध्ये मोगेन्सन यांनी 'जे 39' काढली. शेकर खुर्चीचा धागा पकडलेली, साध्या बीच लाकडाची, रुंद पाठफळीची, आणि बैठक कागदाच्या पिळलेल्या दोरीनं विणलेली. कागदी दोरी युद्धकाळातल्या टंचाईतून पुढे आली. पण बसायला ती चांगली, आणि झिजली की बैठक पुन्हा विणून घेता येते. आपल्याकडे कचेरीतल्या वेताच्या खुर्च्या विणून घेत असत, तसंच. लोक या खुर्चीला 'लोकांची खुर्ची' म्हणू लागले.

आता एक अवघड गोष्ट. जुन्या बाजारात ज्याला 'डॅनिश टीक' म्हणून भाव येतो ते लाकूड डेन्मार्कमध्ये उगवत नाही. टीक म्हणजे आपला साग. हा शब्दच मल्याळम 'तेक्कु'वरून पोर्तुगिजांमार्फत युरोपात गेला. 1897 साली कोपनहेगनमध्ये स्थापन झालेली ईस्ट एशियाटिक कंपनी सयाममधल्या सागाचा व्यापार करत होती. महायुद्धानंतर सागाची लाट आली. ब्राझीलचं शिसवीही भरपूर वापरलं गेलं. इतकं की त्या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1992 पासून कडक बंदी आहे आणि जुनी खुर्ची देशाबाहेर न्यायलाही कागदपत्रं लागतात. 'सर्वांसाठी' म्हणताना त्या सर्वांत सयामचं आणि ब्राझीलचं जंगल मोजलं होतं का? दारचं बर्च आणि बीच वापरणारी खुर्ची या कसोटीला जास्त उतरते.

1966 नंतर काय झालं? सुतारांचं प्रदर्शन बंद पडलं. पुढच्याच वर्षी वेर्नर पान्टन या डेनिश रचनाकाराची अखंड प्लास्टिकची खुर्ची बाजारात आली. पुढे इतरांनी अशा एकसंध प्लास्टिक खुर्च्या फार स्वस्त केल्या. आपण लग्नाच्या मांडवात बसतो ती त्याच कुळातली. विचार करा, जगात खरोखर सर्वांपर्यंत पोचलेली खुर्ची हीच आहे. स्वस्त आहे, रचून ठेवता येते. पण पाय तडकला की तिला जोडणारा कारागीर नाही. परवडणारी ही अट पुरी झाली आणि दुरुस्तीची गेली. स्वीडनच्या आयकियानं 1956 पासून सुटे भाग खोक्यात घालून किंमत खाली आणली. 2020 पासून त्यांचं दुकान नवी मुंबईतही आहे. तिथेही हाच हिशेब मांडून पाहता येईल.

आणि जुन्या लाकडी खुर्च्या? त्या आज लिलावात जातात. शाळेत पोरांनी खरवडलेलं 'स्टूल 60' संग्राहक आवडीनं घेतात. आर्टेक स्वतःच शाळा-कारखान्यांतली जुनी स्टुलं परत मिळवते आणि त्यांचे ओरखडे तसेच ठेवून विकते. गरिबाच्या वापरासाठी काढलेली वस्तू श्रीमंताच्या दिवाणखान्यात ठेवणीची झाली, याचं हसू येतं आणि वाईटही वाटतं. तरी एक गोष्ट त्यातून सिद्ध होते: ती वस्तू आजही बसण्याजोगी उरली आहे.

मग तिन्ही अटी एकत्र कधी पाळल्या गेल्या? आमच्या मते, खरेदी करणारा जेव्हा लांबचा विचार करत होता तेव्हा. पाइमिओचं रुग्णालय, विईपुरीचं वाचनालय, डेन्मार्कची ग्राहक संस्था. या खुर्च्यांमागे प्रतिभावान माणसं होती हे खरंच, पण त्यांच्याही मागे अशा संस्था होत्या. खुर्ची पुढची तीस वर्षं कशी राहील, हा प्रश्न या संस्थांच्या हिशेबात होता.

आपल्या शाळा, वाचनालयं, दवाखानेही खुर्च्या घेतात. त्यांच्या निविदेत पहिल्या दिवसाची किंमत असते. ती खुर्ची कोण दुरुस्त करणार, कशानं विणणार, लाकूड कुठून येणार, हे त्यात लिहायचं ठरवलं तर काय काय बदलेल? गावातल्या सुताराला काम मिळेल का? ग्रामपंचायतीला ते परवडेल का? या प्रश्नांवर आता प्रश्नोत्तरांत बोलू. सुतारकाम जाणणारं कोणी सभागृहात असेल तर त्यांनी आधी बोलावं, ही विनंती. प्लेटोनं त्यांना दुसरा नंबर दिला होता. आज पहिला देऊ.