झोळीत झोपणारी माणसं

शेतात काम करताना झाडाला लुगडं बांधून आपण लेकरू निजवतो. अमेरिका खंडात मोठी माणसंही कित्येक शतकं अशाच झोळीत झोपत आली. तिला आता हॅमॉक म्हणतात.

१४९२ साली कोलंबस कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवर पोचला. तिथल्या लोकांच्या घरांत त्याला सुती जाळ्यांची अंथरुणं टांगलेली दिसली. ताइनो लोक त्यांना 'हमाका' म्हणत. हॅमॉक हा शब्द त्यातूनच आला.

ही झोळी हवामान ओळखून केलेली होती. पावसातली ओल, साप, किडे खालीच राहत. उकाड्यात जाळीतून वारा लागे. थंडीत मात्र तोच वारा पाठ गारठवी, म्हणून रात्री झोळीजवळ विस्तव पेटता ठेवत. झोळी फार ताणायची नाही, थोडी सैल बांधून तिरकं झोपायचं, म्हणजे पाठ सरळ राहते. धागाही जवळपासचाच. कुठं कापूस, तर ओरिनोको नदीच्या मुखाजवळ वाराओ बायका मोरिचे नावाच्या ताडाच्या तंतूंची झोळी विणतात.

पुढे युरोपच्या खलाशांनी ती जहाजावर नेली. जाळीऐवजी जाड कापड आलं. जहाज डोललं तरी माणूस पडेना, आणि सकाळी गुंडाळली की जागा मोकळी.

इतिहासात कोलंबसाचं नाव राहिलं, विणणाऱ्या हातांची नावं कुणी लिहिली नाहीत. आपल्या गोधड्यांचंही तेच झालंय. तेव्हा येत्या बैठकीत बचतीच्या हिशोबासोबत एवढं लिहूया: आपल्या गावात कोणती गोधडी कुणी शिवली, आणि ती कुणाकडून शिकली.