३० नोव्हेंबर १९१७ : बसु विज्ञान मंदिराची स्थापना

प्रेसिडेन्सी कॉलेजातून निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी, स्वतःच्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, जगदीशचंद्र बसूंनी कोलकात्यात वनस्पतिसंशोधनासाठी ही संस्था उघडली. रवींद्रनाथांनी सोहळ्यासाठी गीत रचले. देणगीदारांत मुंबईचे बोमनजी आणि मूळराज खटावही होते.

बसूंचे क्रेस्कोग्राफ हे यंत्र रोपाची वाढ दहा हजार पटींनी मोठी करून काजळी धरलेल्या काचेवर उमटवत असे. शेतीच्या दृष्टीने याचे मोल मोठे. खत मानवले की नाही, हे कळायला शेतकऱ्याला अख्खा हंगाम वाट पाहावी लागे. इथे खत, औषध, उष्णता यांचा वाढीवरचा परिणाम काही मिनिटांत दिसू लागला. वनस्पतींच्या संवेदनेबद्दलच्या त्यांच्या निष्कर्षांवर युरोपात बराच वाद झाला, पण त्यांच्या यंत्रांची सूक्ष्मता थक्क करणारी होती. आणि यातली कित्येक यंत्रे स्थानिक कारागिरांच्या हातची, हे आवर्जून सांगायला हवे.

संस्थेतल्या शोधांवर कधीही पेटंट घेतले जाणार नाही, ते सर्वांसाठी खुले राहतील, असे बसूंनी उद्घाटनाच्या भाषणातच जाहीर केले. पुढे फालता आणि दार्जिलिंग येथेही संस्थेची केंद्रे उभी राहिली.