काकांची कानस

नुकतीच खंडेनवमी झाली. त्या दिवशी आमच्या घरी देवापुढे पोथ्यांच्या शेजारी एक जुनी कानस पूजेला ठेवतात. ती माझ्या थोरल्या काकांची. काकांनी तर जन्मभर एका भुसार दुकानात हिशेब लिहिले. मग कानस कुठून आली, असे लहानपणी मी आजीला विचारले होते. ती एवढेच म्हणाली, “अरे, तो फिटर झाला होता.” ‘फिटर होता’ असे ती म्हणाली नाही. या दोहोंतले अंतर कळायला मला बरीच वर्षे लागली. आणि कळले तेव्हा लक्षात आले, की ही गोष्ट एकट्या काकांची नाही.

कारागिरीचे सरकारी शिक्षण आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर सुरू झाले ते दुसऱ्या महायुद्धामुळे. युद्धसामग्रीच्या कारखान्यांना शिकलेले हात हवे होते, म्हणून १९४० मध्ये तंत्रज्ञ तयार करण्याची योजना निघाली. १९४५ मध्ये युद्ध संपले आणि परतणाऱ्या सैनिकांना काम मिळवून देण्यासाठी रोजगार विनिमय केंद्रे उघडली. पुढे ती सर्वांना खुली झाली. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि ठिकठिकाणी आयटीआय उभ्या राहिल्या. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. मुलांना कारखान्यात शिकवायला घेण्याची जबाबदारी त्याने मालकांवर टाकली. मात्र त्याच कायद्याच्या १८ व्या कलमाने शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे असे ठरवले, आणि २२ व्या कलमाने शिक्षण संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर ठेवले नाही. मुलाला शिकवावे कसे, याचा विचार झाला. शिकून झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्याने जावे कुठे, याचा झाला नाही.

त्या वेळी कुणाला त्याची चिंताही वाटली नसेल. तिसरी पंचवार्षिक योजना जोरात होती, कारखाने वाढत होते. पण १९६२ आणि १९६५ ही युद्धे झाली. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. चौथी पंचवार्षिक योजना १९६९ पर्यंत लांबली. रेल्वेने मालडब्यांच्या मागण्या कमी केल्या. त्यासरशी डबे बांधणारे कारखाने मंदावले आणि त्यांच्यावर जगणाऱ्या ओतशाळा व यंत्रशाळाही थंडावल्या.

काका फिटरचे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडले ते नेमके १९६७ मध्ये. जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन त्यांनी नाव नोंदवले. कार्डाची मुदत संपली की पुन्हा जायचे, नवा शिक्का घ्यायचा, आणि घरी येऊन पोस्टमनची वाट पाहायची. अशी तीन वर्षे गेली. मधल्या काळात घर चालावे म्हणून ते दुकानात बसू लागले.

१९७० मध्ये एका कारखान्याचे बोलावणे आले. परीक्षेला लोखंडाचा तुकडा दिला होता. कधी काळी डोळे मिटून केला असता असा जॉब; पण तीन वर्षे कानस न धरलेला हात अडखळला आणि माप चुकले. शेजारी त्याच वर्षी पास झालेला पोरगा होता. त्याचा हात ताजा आणि वयही तीन वर्षांनी कमी. “इतके दिवस काय करीत होतास?” या प्रश्नाला “दुकानात होतो” हे खरे उत्तर काकांनी दिले. फिटर म्हणून तो पोरगा लागला. काकांना मदतनीस म्हणून हंगामी घेतले, आणि सात महिन्यांनी तेही सुटले. त्यांच्या एकच वर्ष आधी पास झालेला मित्र मात्र पुढे फोरमन होऊन निवृत्त झाला.

“ज्याच्या अंगात धमक असते तो कुठेही तरतो,” असे आमचे नातलग म्हणत. काका ते मान खाली घालून ऐकत. पुढे जर्मनीत, जिथे मुले कारखाना आणि शाळा अशा दोन्हीकडे एकाच वेळी धंदा शिकतात, अशा आठ लाखांहून अधिक जणांच्या नोंदी चोवीस वर्षांपर्यंत तपासल्या गेल्या. पहिल्या आठ वर्षांतली बेकारी पुढच्या सोळा वर्षांतही बेकारी वाढवते, असे दिसून आले. हा दोष मुलांचाच कशावरून नसेल, ही शंका अभ्यासकांनाही होती. म्हणून शिक्षण संपतेवेळी ज्या कारखान्यातच मंदी होती, अशा मुलांकडे त्यांनी मुद्दाम पाहिले. धमक तीच; केवळ वेळ वाईट. तरी ठसा राहिलाच.

आपल्याकडे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की इतर गोष्टी समान असतील तर थेट भरतीच्या उमेदवाराआधी प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराचा विचार व्हावा, आणि शिक्षणात गेलेल्या काळाइतकी वयाची सवलत त्याला मिळावी. चांगलेच झाले. पण शिकण्यात गेलेला काळ आणि वाट पाहण्यात गेलेला काळ हे निराळे. दुसऱ्याचा हिशेब कोण करणार?

या दिवाळीत फराळाला येणाऱ्यांत एखादा भाचा, पुतण्या नवे प्रमाणपत्र घेऊन आलेला असेल. “लहान आहेस, मिळेल कधीतरी,” असे त्याला म्हणू नका. हीच वर्षे महागाची असतात. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये एक शब्द टाका. पगार थोडा असला तरी त्याचा हात कामावर राहू द्या.

काका आता थकले आहेत. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मात्र ते स्वतः कानशीचे दाते ब्रशने साफ करतात. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलत नाही.