तापमानवाढीचा फटका घाटाखालच्या शिवाराला

बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यातले रोहिणखेड इतिहासाच्या अभ्यासकांना 1582 मध्ये बांधलेल्या मशिदीमुळे परिचित आहे. अजिंठा डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेल्या या घाटाखालच्या पट्ट्यापुढील आजचा प्रश्न मात्र पावसाच्या बदलत्या स्वभावाचा आहे.

पाऊस कमी झाला, ही सर्वसाधारण समजूत अपुरी आहे. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे खंड लांबतो आणि नंतर पाऊस एकदम कोसळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील डॉ. रॉक्सी कोल यांच्या चमूने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. पूर्णेच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांनी जुलै 2023 मध्ये याचा अनुभव घेतला. पिके गेलीच, पण जमिनीही खरडल्या गेल्या. पीक पुढच्या हंगामात पुन्हा घेता येते. माती तशी परत येत नाही.

उताराच्या जमिनीत पाणी वेगाने निघून जाते आणि खालचा काळा पाषाण थोडेच पाणी साठवतो. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीचे पाणीच खारे असते. म्हणून पाणी पडेल तेथेच अडवणे हा पहिला उपाय ठरतो. रुंद वरंबा सरी पद्धतीत सोयाबीन वरंब्यावर असते; संततधारेत जादा पाणी सरीतून निघून जाते, तर खंडात सरीतील ओल उपयोगी पडते. साधारण 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, हा कृषी विद्यापीठांचा सल्ला दुबार पेरणीचा खर्च टाळणारा आहे. कपाशीत तुरीचे आंतरपीक घेतल्यास एक पीक हुकले तरी दुसरे हाती लागण्याची आशा राहते. (भेंडवळच्या घटमांडणीतील भाकिताकडे आजही जिल्ह्याचे लक्ष असते, हे विसरून चालणार नाही.) जागतिक बँकेच्या साहाय्याने 2018 मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने याच उपायांना बळ दिले.

राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये मंजूर केलेल्या वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाचे शेवटचे टोक याच जिल्ह्यात आहे. मात्र सुमारे 426 किलोमीटरच्या कालव्याची वाट पाहत बांधबंदिस्ती थांबवणे परवडणारे नाही.

पीकविम्याचे गणितही बदलले. 2023 मधील एक रुपयातील विमा 2025 मध्ये बंद झाला. त्या वर्षीच्या खरिपात भरपाईसाठी पीक कापणी प्रयोगांतून निघणारे सरासरी उत्पन्न हाच आधार ठेवण्यात आला. नाल्याच्या पुराने एखाद्याच शेताची माती वाहून गेली, तर ते नुकसान अशा सरासरीत दिसत नाही.