पाहण्याची परंपरा: चित्रशाळा, ‘प्रभात’ आणि चित्रपट-संग्रह

समकालीन कलेचा शोध लागतो, असे आपण सहजपणे म्हणतो. या शब्दप्रयोगात योगायोगाची छटा आहे: रसिक वाट चालत असतो आणि एखादे चित्र, छायाचित्र किंवा गीताचे दृश्यरूप त्याला अवचित भेटते. कलेच्या सामाजिक इतिहासाकडे पाहिले असता मात्र ही भेट क्वचितच अवचित असल्याचे दिसते. कोणते चित्र कोणाच्या नजरेस पडणार, ते कोणत्या रूपात पडणार आणि त्याविषयी बोलण्याची भाषा पाहणाऱ्यापाशी असणार की नाही, हे छापखाना, चित्रगृह, विद्यालय, संग्रहालय अशा संस्थांनी बरेचसे आधीच ठरवलेले असते. पुणे शहरात या संस्थांची सुमारे दीडशे वर्षांची एक साखळी सापडते. तिचा मागोवा घेताना मराठी समीक्षेच्या एका जुन्या उणिवेचाही विचार करावा लागतो.

या साखळीची पहिली कडी १८७८ सालची आहे. १८७४ पासून ‘निबंधमाला’ चालवणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्या वर्षी पुण्यात सहकाऱ्यांसह चित्रशाळा छापखान्याची स्थापना केली. नाना फडणवीस, रामपंचायतन अशा विषयांवरची तिची शिळाछाप चित्रे घरोघर पोचली. ज्या हाताने आधुनिक मराठी टीकेला वळण दिले, त्याच हाताने चित्रांच्या बहुप्रतीकरणालाही चालना द्यावी, ही घटना अर्थपूर्ण आहे. चिपळूणकरांच्या दृष्टीने निबंध आणि चित्र ही स्वत्वजागृतीची दोन साधने होती. परंतु त्यांच्या वारसांनी यांतील एकच साधन विचारार्ह मानले. निबंधाची समीक्षा झाली. भिंतीवरच्या चित्राची झाली नाही. ते पूजेचे, अभिमानाचे किंवा सजावटीचे द्रव्य ठरले.

१९१० मध्ये चित्रशाळेतूनच ‘चित्रमय जगत्’ हे मासिक निघू लागले. शिळाछाप चित्राने पुराण आणि इतिहास घरात आणला होता. या मासिकातील छायाचित्रांनी वर्तमान आणला. दूरदेशीचे युद्ध, सभा, व्यक्ती, इमारती हे सारे वाचनाच्या जोडीने पाहण्याचे विषय झाले. ‘समकालीन’ या कल्पनेला दृश्य परिमाण लाभले ते येथे. आपण ज्या काळात जगतो तो काळ पाहता येतो, ही जाणीव मराठी मध्यमवर्गात रुजवण्यात या मासिकाचा वाटा मोठा आहे. तरीही मराठी वाङ्मयाच्या इतिहासात नियतकालिकांचा विचार होतो तेव्हा तो प्रायः मजकुराचा होतो. मजकुराशेजारचे छायाचित्र वाचकाच्या आकलनात काय घडवत होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

दुसरी कडी चित्रपटाची. ७ फेब्रुवारी १९२० रोजी बाबूराव पेंटर यांचा ‘सैरंध्री’ पुण्याच्या आर्यन चित्रगृहात प्रदर्शित झाला. बाबूराव मूळचे चित्रकार आणि रंगभूमीच्या पडद्यांचे रंगारी. कोल्हापूरच्या त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल आणि व्ही. शांताराम हे १९२९ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या भागीदारांपैकी होत. १९३३ मध्ये ‘प्रभात’ कोल्हापूरहून पुण्यास आली. चित्रकाराच्या कर्मशाळेत शिकलेली ही मंडळी बोलपट करू लागली तेव्हा त्यांच्यापुढे एक नवा सौंदर्यशास्त्रीय प्रश्न उभा राहिला. संगीत नाटकात पद सुरू झाले की कृती थांबते आणि गायक प्रेक्षकाला सन्मुख होतो. कॅमेऱ्यापुढे असे थांबणे नीरस ठरते. मग गाणे चालू असताना पाहायचे काय?

दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटाने दिलेले उत्तर आजही विचार करण्याजोगे आहे. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम गातो तेव्हा काम थांबत नाही. चालणे, राबणे, संसाराची ओढाताण आणि अभंग एकाच लयीत नांदतात. याच्या उलट सालोमालो. तो तुकारामाचे अभंग आपल्या नावावर खपवतो आणि ते नाटकी ढंगाने, श्रोत्यांच्या दादेसाठी गातो. शब्द तेच, गायनाची नैतिकता वेगळी. पटकथेतील हा संघर्ष वरवर साधू आणि दुर्जन यांचा आहे. खोलवर तो गीताच्या दोन दृश्यरूपांमधील आहे. एका रूपात गीत जगण्यातून उगवते, दुसऱ्यात ते प्रदर्शनासाठी मांडले जाते. संगीतकार केशवराव भोळे हे ‘एकलव्य’ या नावाने संगीतसमीक्षा लिहिणारे होते, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. समीक्षकाची विवेकदृष्टीच जणू या चित्रपटाच्या स्वररचनेत उतरली आहे.

कर्तृत्वाच्या प्रश्नाला या चित्रपटात आणखी एक वळण मिळते. त्यातील बीजाच्या रूपकावरचा प्रसिद्ध अभंग तुकारामांचा नाही; तो शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचला. तुकारामांचे शब्द चोरणाऱ्याची कथा सांगणाऱ्या कलाकृतीत एका आधुनिक कवीने तुकारामांना आपले शब्द देऊ केले आणि लोकांनी ते तुकारामांचे म्हणून स्वीकारले. संहितेच्या प्रामाण्याची चिकित्सा करणाऱ्या अभ्यासकाला हा प्रकार अडचणीचा वाटेल. परंतु संतकवितेची परंपरा अशा भरीतूनच वाढत आली आहे, आणि विसाव्या शतकात ही भर चित्रपटाद्वारे पडली, असेही त्याकडे पाहता येते. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. मराठी काव्यसमीक्षेने मात्र तुकारामांच्या आधुनिक ग्रहणाचा पुरावा म्हणून त्याच्याकडे फारसे पाहिले नाही.

त्याच वर्षीच्या ‘कुंकू’मध्ये शांतारामांनी वेगळा मार्ग घेतला. पार्श्वसंगीत टाळून त्यांनी दृश्यातल्याच ध्वनींवर भिस्त ठेवली. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीतील जरठ-बाला विवाहाचा विषय त्यामुळे भाषणबाजीतून सुटला. घरातले आवाजच नायिकेच्या कोंडमाऱ्याची भाषा झाले. कादंबरीचे चित्रपटात झालेले हे रूपांतर कथानकाच्या तुलनेतून हाती लागत नाही. त्यासाठी ऐकण्याची आणि पाहण्याची स्वतंत्र परिभाषा लागते.

१९५३ मध्ये ‘प्रभात’ बंद पडली. तिच्याच आवारात १९६० मध्ये चित्रपटशिक्षणाची संस्था उभी राहिली, १९६४ मध्ये शहरात राष्ट्रीय चित्रपट-संग्रहालय स्थापन झाले आणि १९७४ मध्ये दूरचित्रवाणीचे प्रशिक्षणही दिल्लीहून पुण्यास आले. ही साखळीची तिसरी कडी. पी. के. नायर यांच्या कारकिर्दीत संग्रहालयाने जुन्या चित्रपटांचे अवशेष मिळवले. सतीश बहादुर यांनी चित्रपटाचे रसग्रहण हा अध्यापनाचा विषय केला. भास्कर चंदावरकरांनी तेथे संगीत शिकवले. १९६०च्या दशकाच्या मध्यास ऋत्विक घटक यांच्या हाताखाली कुमार शहानी आणि मणी कौल शिकले. निर्मितीची जागा अध्ययनाची जागा झाली.

या बदलातून समकालीनतेचा अर्थच पालटला. ‘प्रभात’च्या काळी समकालीन म्हणजे नुकते तयार झालेले. संग्रहालयाच्या काळात एखादा जुना चित्रपट, आज कोणाला तरी त्याची गरज भासली म्हणून, समकालीन होऊ लागला. शहानी यांनी ‘प्रभात’च्या संतपटांवर इंग्रजीत लिहिले. पुढे गीता कपूर या आधुनिक भारतीय चित्रकलेच्या समीक्षिकेने ‘संत तुकाराम’चे विवेचन केले. तिच्यासारखीला हा चित्रपट आपल्या काळाच्या चित्रविषयक वादांशी निगडित वाटावा, हे संग्रहाच्या कार्याचे उत्तम उदाहरण होय.

संग्रहाचा परिणाम निर्मितीवरही झाला. कौल यांचा ‘ध्रुपद’ (१९८२) आणि शहानी यांचा ‘खयाल गाथा’ (१९८९) यांत संगीत हे कथेचे अलंकरण राहत नाही. चित्रणाची रचनाच रागविस्ताराच्या तत्त्वाशी नाते जोडू पाहते. यानंतर लवकरच, १९९०च्या दशकात, उपग्रह-वाहिन्यांनी गीतचित्रफितींचा ओघ भारतीय घरांत आणला. झपाट्याने बदलणाऱ्या दृश्यतुकड्यांवर गाणे पांघरण्याची ती पद्धती सर्वस्वी परकी आणि नवी समजली गेली. वास्तविक गाणे चालू असताना काय पाहायचे, हा प्रश्न पुण्यात १९३०च्या दशकातच विचारला गेला होता आणि त्याची एकाहून अधिक उत्तरे उपलब्ध होती. परंपरेची ही जाण नसल्यामुळे गीतचित्रफितींवरची चर्चा बहुधा संस्कृतिरक्षणाचा आक्रोश आणि नवतेचे कौतुक या दोन टोकांतच अडकली. चांगली चित्रफीत कोणती, हे ठरवण्याचे निकष तिने घडवले नाहीत.

मराठीत अशा निकषांची सामग्री नव्हती असे नाही. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांचा विचार केला तो सर्व ललितकलांना कवेत घेण्यासाठी. द. ग. गोडसे यांनी ‘पोत’ (१९६३) मध्ये वस्त्र, शिल्प, चित्र आणि काव्य यांचा एकत्र विचार केला. चित्रपटसंस्थेतून बाहेर पडलेल्या अरुण खोपकरांनी ‘गुरुदत्त: तीन अंकी शोकांतिका’ (१९८५) लिहून चित्रपटाचे सूक्ष्मवाचन मराठीत शक्य असल्याचे दाखवले. त्यांच्या ‘चलत्-चित्रव्यूह’ या पुस्तकाला २०१५ साली साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. ही उदाहरणे एकेकटी राहिली. विद्यापीठीय समीक्षेने मर्ढेकरांची लय कवितेपुरती ठेवली आणि गोडशांना रंगभूमीच्या दालनात बसवले.

या उपेक्षेची किंमत केवळ सैद्धांतिक नाही. जानेवारी २००३ मध्ये चित्रपटसंस्थेच्या आवारातील कोठाराला आग लागून संग्रहालयाच्या ज्वालाग्राही नायट्रेट फिती नष्ट झाल्या. त्यांत ‘प्रभात’च्या मूळ फितीही होत्या. अनेकांच्या प्रती अन्य फितींवर उतरवलेल्या असल्या, तरी मूळ वस्तू गेली ती गेलीच. एखाद्या संतकवीची हस्तलिखिते अशी जळाली असती तर मराठी साहित्यविश्वात वर्षानुवर्षे हळहळ व्यक्त झाली असती. फितींसाठी तशी हळहळ झाली नाही, कारण त्या आपल्या वाङ्मयीन परंपरेच्या संहिता आहेत, ही धारणाच रुजलेली नव्हती. ज्याचे वाचन होत नाही त्याचे जतनही निष्ठेने होत नाही.

२०२२ मध्ये या संग्रहालयाचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले. आज चित्रे, छायाचित्रे आणि गीते यांची उपलब्धता ही अडचण उरलेली नाही. हातातल्या पडद्यावर ती अहोरात्र वाहत असतात. चिपळूणकरांच्या काळी टीका होती आणि चित्रे दुर्मीळ होती. आता चित्रे अमाप आहेत आणि टीका दुर्मीळ आहे. चित्रशाळा आणि ‘निबंधमाला’ यांचा उगम एकाच ठिकाणी झाला होता, याचे स्मरण त्यामुळेच अगत्याचे ठरते. १८७८ मध्ये शेजारी उभी असलेली ही दोन कार्ये पुन्हा शेजारी आणणे, हे मराठी समीक्षेचे अद्याप अपुरे राहिलेले काम आहे.