वाक्यार्थ ठरवण्याच्या नियमांची कुळकथा

वाक्यातला कर्ता कोण, कर्म कोणते आणि अनेकार्थी शब्दाचा कोणता अर्थ घ्यायचा, हे नियमांनी ठरवण्याची विद्या संगणकाहून फार जुनी आहे. पाणिनीने कारके ठरवली ती क्रियेशी असलेल्या नात्यावरून; विभक्ती ही त्या नात्याची खूण. एकच खूण दोन नात्यांना लागली की पेच पडतो. ‘शेतकऱ्याने विळ्याने धान कापले’ यात ‘ने’ दोनदा येतो. शेतकरी कर्ता आणि विळा करण, हे प्रत्ययावरून कळत नाही; कापणे कोणाला शक्य आहे, यावरून कळते. मीमांसक यालाच योग्यता म्हणत.

‘तो भंडाऱ्याला गेला’ याने पेच आणखी वाढतो. तो जिल्ह्याच्या गावी गेला की देवळातल्या जेवणाला? दोन्ही अर्थ व्याकरणाला मान्य. ‘भंडारा उधळला’ म्हटले तर मात्र हळदच. क्रियापद इतर अर्थ टिकू देत नाही. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त अशा निर्णयाची साधने सांगितली: संयोग, साहचर्य, विरोध, लिंग, प्रकरण इत्यादी.

यांतले प्रकरण, म्हणजे बोलण्याचा प्रसंग, महानुभाव पंथाने जिवापाड जपले. केसोबासांनी पंथप्रवर्तक चक्रधरांची वचने त्यांच्या लीळांतून, म्हणजे प्रसंगांच्या आठवणींतून, वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. प्रसंगावाचून वचनाला अनेक अर्थ फुटू शकतात. निळभट्ट भांडारेकारांसारख्या शिष्यांनी ती समोर बसून ऐकली होती; पुढच्या पिढ्यांना ती सोय नव्हती. म्हणून कोणते सूत्र कोणत्या निमित्ताने निघाले, हे सांगणारा ‘प्रकरणवश’ रचला गेला. मराठी व्याकरणविचाराचा आद्य ग्रंथ मानले जाणारे भीष्माचार्यांचे ‘पंचवार्तिक’ही सूत्रांचा अर्थ लावण्याच्या याच ओढीतून आले. श्रद्धेने इतके काटेकोर भाषाशास्त्र घडवावे, ही मराठीची मोठी मिळकत आहे.

पुढे मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये निघाले. यंत्रासाठी कारकविचार नव्याने मांडला तो अक्षर भारती गटाने. विनीत चैतन्य आणि राजीव संगल यांच्यासह त्यांचा ग्रंथ १९९५चा. त्यात प्रत्येक क्रियापदाचा कारकतक्ता असतो: कोणती कारके हवीत, कोणत्या विभक्तीने. वाक्यातली नामे त्या मागण्यांशी जुळवायची आणि नियम मोडणारी जुळणी बाद करायची. शब्दक्रम सैल असलेल्या मराठीला ही रीत मानवते. ‘उंदीर मांजर खाते’ यात उंदीर आधी आला तरी ‘खाते’ पुल्लिंगी नाही, म्हणून कर्ता मांजरच.

‘भंडाऱ्याला गेला’ इथे मात्र तक्ता थांबतो, कारण गाव आणि जेवण दोन्ही जाण्याची ठिकाणे. तिथे शेजारच्या वाक्यांतले शब्द तपासावे लागतात. आयआयटी मुंबईत घडलेल्या मराठी वर्डनेटमध्ये शब्दाचा प्रत्येक अर्थ समानार्थी शब्दांच्या वेगळ्या गटात नोंदलेला असल्याने ही तपासणी यंत्राला करता येते.