साच्यांचा गोंगाट आणि आबांची आठवण

आबांचा, माझ्या वडिलांचा, विसराळूपणा वाढला तेव्हा ते बहात्तरचे होते. पहाटे उठून डबा शोधायचे, “पाळी चुकेल” म्हणायचे. गिरणी बंद होऊन तीस वर्षं झाली होती. शेजारपाजारचे म्हणाले, साठी बुद्धी नाठी, चालायचंच. मी त्यांना सरकारी रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी तीन प्रश्न विचारले. शाळा किती शिकलात? ऐकू नीट येतं का? दिवसभर बोलता कुणाशी? उत्तरं मीच दिली. परतताना बसमध्ये लक्षात आलं, ती एकट्या आबांची नव्हती, सगळ्या गिरणगावाची होती.

शाळा चौथी. कोकणातल्या गावात चौथीपुढे वर्ग नव्हता. गिरणी आणि शाळा यांचं वाकडं मात्र त्याहून जुनं. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला मुंबईची पहिली कापडगिरणी उभी करायला घेतली. पुढे गिरण्यांत मुलंही राबू लागली. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना बंदी केली. म्हणजे सात वर्षांच्या पोराकडून दिवसाचे नऊ तास काम घेणं कायद्यात बसलं. रविवारची सुट्टी मिळायला नारायण मेघाजी लोखंडे यांना १८९० पर्यंत झगडावं लागलं. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. लीगने कामगार वस्तीत रात्रीच्या शाळा आणि वाचनालयं काढली. पाळी संपवून आलेली माणसं दिव्याखाली बाराखडी गिरवू लागली. आबाही लालबागच्या एका रात्रशाळेत दोन वर्षं गेले आणि तिथूनच रोजचं वर्तमानपत्र वाचू लागले. ही त्यांच्या बुद्धीची शिल्लक. ती लहानपणापासून साठत जावी लागते. आबांच्या पदरात ती उशिरा आणि थोडी पडली. आई तर शाळेत गेलीच नाही. तिने घरच्या खाणावळीतल्या आठ जणांचा हिशोब भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढून ठेवला.

ऐकू कमी येतं. आबा साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात होते. शेकडो साचे एकाच वेळी धडधडत, तिथे माणसं हातवाऱ्यांनी बोलत. घरीही आबा ताट पुढे करून बोटांनीच भात मागायचे, आम्ही हसायचो. कान जात होते, हे कुणालाच कळलं नाही. साचेखात्यात पगार बरा, पण ते सगळ्यांना खुलं नव्हतं. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाचं कारण सांगून दलित कामगारांना तिथे घेत नसत. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय मांडला. ज्यांना ते दार बंद होतं, त्यांच्या वाट्याला कमी पगार आला, मुलांची फी आणि रक्तदाबाची गोळी त्याच पगारातून भागवायची होती.

आणि बोलायला कोणी नाही. एके काळी बोलायला माणसांची वाण नव्हती. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. घर खरं तर चाळीच्या गॅलरीतच. गुरुवारी भजन, शेजारी व्यायामशाळा, खाली कबड्डी, पेपर एकाने मोठ्याने वाचायचा आणि दहांनी वाद घालायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. अनेकांना पुन्हा आत जाता आलंच नाही. कोणी गावी गेले, कोणी विरार-कल्याणकडे. चाळिशीतले आबा एका इमारतीवर रात्रीचे वॉचमन झाले. बारा तास खुर्ची, विडी आणि अंधार. भजन सुटलं, पेपर सुटला.

डॉक्टरांनी तेच तीन प्रश्न का विचारले, ते मला पुढे उमगलं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे चौदा धोके सांगितले. अपुरं शिक्षण, बहिरेपण, एकटेपणा, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, दूषित हवा, सगळे त्यात आहेत. हे धोके आवरले तर जवळपास निम्मा आजार टळू किंवा लांबू शकतो, असं ते म्हणतात. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. स्त्रियांत, खेड्यांत आणि कमी शिकलेल्यांत प्रमाण जास्त. ती यादी मी वाचली तेव्हा मला आबांचं सर्व्हिस-बुक वाचल्यासारखं वाटलं.

आबांना श्रवणयंत्र लावलं, पण फार उशिरा. ते लावून पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “भजन आज कुणाकडे?” मी त्यांना दर गुरुवारी जुन्या चाळीत नेऊ लागले. अभंगाचे शब्द निसटतात, पण शेजारी बसलेला जुना सोबती त्यांच्या कानाशी ओळ सांगतो आणि ते पुढे म्हणतात. चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. त्यांच्या नकाशांत पार्किंगचे मजले मोजून ठेवलेले असतात. माझं मागणं एवढंच, की म्हाताऱ्यांच्या भजनाला, पेपराला आणि कान तपासणाऱ्याला तळमजल्यावर एक खोली ठेवा. साठीला बुद्धी आपोआप नाठत नाही, हे मी आता प्रत्येकाला सांगते.